'कॅननाइझ': संत जाहीर करणारं क्रियापद

7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओ चौदावे यांनी पंधराव्या वर्षीच वारलेल्या कार्लो अकुटिस या मुलाला संत घोषित केलं, त्या आठवड्यातली गोष्ट. नाशिकरोडला संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेते. तिथे आम्ही रोज पेपरातली एक छोटी बातमी वाचतो. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, अंदाजाने अर्थ लिहायचा आणि मगच डिक्शनरी उघडायची, असा नियम. त्या दिवशी बारावीतल्या एका मुलीने 'कॅननाइझ्ड' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, 'तोफेने उडवलं'. मग तिने पूर्ण वाक्य परत वाचलं. पोपनी एका पंधरा वर्षांच्या मुलाला तोफेने उडवलं, असा अर्थ निघत होता. तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि घाबरत विचारलं, "मॅडम, असं कसं करतील?"

मला तिचा अंदाज फार आवडला. 'कॅनन' म्हणजे तोफ हे तिला माहीत होतं आणि माहीत असलेल्यावरून ती नवीन शब्दाकडे गेली होती. शिकण्याची खरी रीत हीच. चूक झाली ती फक्त एका अक्षराची. पण त्या अक्षराच्या मागे जाता जाता आमचे पुढचे दोन तास गेले, आणि तेच इथे लिहायचं आहे. नाशिकमध्ये बाळ येशूच्या यात्रेला जाणारी सगळ्या धर्मांची माणसं आहेत, घराघरात मदर तेरेसांचं नाव आहे आणि 'अमुक यांना संतपद' ही बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी येतेच. ती बातमी इंग्रजीत नीट वाचता यावी आणि कुणाशी बोलायची वेळ आली तर नीट बोलताही यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

## एक 'एन' की दोन?

तोफेच्या कॅननमध्ये मधे दोन 'एन' लागोपाठ येतात. संतांच्या कॅननमध्ये मधे एकच 'एन' आहे. उच्चार दोन्हींचा सारखा. म्हणून ऐकताना गोंधळ होतो आणि लिहिताना तर हमखास होतो.

गंमत अशी की दोन्ही शब्दांचं मूळ गाव एकच आहे. ग्रीक भाषेत 'कान्ना' म्हणजे बोरू, वेत, आतून पोकळ असलेली काडी. लॅटिनमध्ये ती झाली 'कान्ना'च. पोकळ नळी म्हणून तिच्यातून तोफ निघाली: इटालियन भाषेत मोठी नळी ती 'कान्नोने'. दवाखान्यात सलाइन लावताना हातात खुपसतात ती कॅन्युला, ही त्याच घराण्यातली छोटी नळी. आणि आपल्या अंगणातली कर्दळ? तिचं शास्त्रीय नाव कान्ना इंडिका. तेही तेच.

दुसरी वाट सरळपणाची. बोरू सरळ असतो, म्हणून ग्रीकांनी त्याचा मोजायला उपयोग केला. त्यांच्या भाषेत 'कानोन' म्हणजे मोजण्याची काठी. मेन रोडवरच्या जुन्या कापडदुकानात काउंटरवर लोखंडी गज असतो ना, तसा. कापड कुणाचंही असो, ते या गजाला लावूनच मोजायचं. गजावरून 'माप' हा अर्थ आला, मापावरून 'नियम', आणि नियमावरून 'नियमाला उतरलेल्यांची यादी'. ख्रिस्ती चर्चमध्ये मान्य ग्रंथांची यादी म्हणजे कॅनन आणि मान्य संतांची यादीही कॅनन. त्या यादीत नाव घालणं म्हणजे कॅननाइझ करणं.

हे कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही. कुणाला तरी मापाला लावून तपासलं, ते उतरले आणि यादीत नाव चढलं. क्रियापदात एवढी सगळी कृती आहे.

## रूपं: 'ऑर्गनाइझ' येतं ना, मग झालं

रूपांची भीती बाळगण्याचं कारणच नाही. हे नियमित क्रियापद आहे, म्हणजे भूतकाळात 'गो'चं 'वेंट' होतं तसा वेष बदलत नाही. 'ऑर्गनाइझ' आपण मराठीतही रोज वापरतो. कोरोनात 'सॅनिटाइझ' तर आजीच्याही तोंडी आलं. 'कॅननाइझ' अगदी त्याच चालीवर चालतं.

मूळ रूप कॅननाइझ. कर्ता 'ही' किंवा 'शी' असेल आणि वर्तमानकाळ असेल तर कॅननाइझेस. इथे शेवटी नुसता 'स' लागत नाही, एक पूर्ण अक्षर वाढतं, कारण 'झ'नंतर लगेच 'स' म्हणणं जिभेला जमत नाही. भूतकाळात कॅननाइझ्ड, आणि 'हॅज', 'हॅड', 'वॉज' यांच्यानंतरही तेच कॅननाइझ्ड. चालू क्रियेसाठी कॅननाइझिंग. लिहिताना 'आयएनजी' लावण्याआधी शेवटचा 'ई' काढायचा. नाम हवं असेल तर कॅननायझेशन. 'कॅननायझेटेड' असं रूप इंग्रजीत नाही. नामावरून क्रियापद उलटं बनवायला गेलं की ते तयार होतं, आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या वह्यांत मला ते बरेचदा दिसतं.

उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, कॅ वर. नामात मात्र जोर सरकून 'झे' वर जातो.

स्पेलिंगमध्ये 'झेड' घालायचा की 'एस', यावर वर्गात नेहमी वाद होतो. 'झेड' म्हणजे अमेरिकन आणि 'एस' म्हणजे ब्रिटिश, एवढं सरळ ते नाही. अमेरिकेत 'झेड'च चालतो हे खरं, पण ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत तर 'झेड'लाच पहिला मान आहे, कारण ग्रीक प्रत्ययात तोच आवाज होता. भारतीय पेपरांत बहुधा 'एस' दिसेल. दोन्ही बरोबर. फक्त एका लेखात एकच ठेवा.

## त्यांना संतपद 'मिळालं' आणि त्या 'कॅननाइझ्ड' झाल्या

आता खरी अडचण. मराठी माणूस इथेच घसरतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, दोन भाषांची वाक्यं वेगळ्या पायावर उभी आहेत.

आपण म्हणतो, 'मदर तेरेसांना संतपद मिळालं'. इथे मिळालं काय, तर संतपद. मदर तेरेसा 'ना' प्रत्यय लावून एका बाजूला शांत बसल्या आहेत. दिलं कुणी, ते वाक्यात नाहीच. हेच डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की वाक्य होतं, 'मदर तेरेसा कॅननाइझ्ड इन 2016'. वाचायला बरं वाटतं, पण अर्थ उलटा झाला: मदर तेरेसांनी दुसऱ्या कुणाला तरी संत घोषित केलं!

कॅननाइझ हे सकर्मक क्रियापद आहे. म्हणजे त्याला करणारा लागतो आणि ज्याच्यावर क्रिया होते तो लागतो. करणारं चर्च, कॅथलिकांमध्ये पोप. ज्यांच्यावर क्रिया होते ते संत. बातमीत महत्त्व संताला असतं, म्हणून इंग्रजी त्यांना पुढे आणते आणि क्रियापदाच्या आधी 'वॉज' लावते: 'मदर तेरेसा वॉज कॅननाइझ्ड इन 2016'. तो 'वॉज' गेला की वाक्याचा अर्थच फिरतो. पोपचं नाव सांगायचं असेल तर शेवटी 'बाय पोप फ्रान्सिस'.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारी आपली सरकारी थाटाची रचना आहे: 'घोषित करण्यात आलं'. ती एरवी मला रुक्ष वाटते. इथे मात्र ती चपखल बसते, कारण घटना खरोखरच एका अधिकृत घोषणेची असते.

## तारीख आली की 'हॅज' नको

ही दुसरी चूक तर सुशिक्षितांच्या लिहिण्यातही सापडते. 'मदर तेरेसा हॅज बीन कॅननाइझ्ड इन 2016.' मराठीत 'करण्यात आलेलं आहे' असं म्हणायची सवय असल्यामुळे 'हॅज बीन' आपोआप येतं. पण इंग्रजीत एकदा दिवस, साल सांगितलं की 'हॅज' चालत नाही. साल सांगितलं, की 'वॉज'. साल न सांगता नुसतं 'झालं आहे' एवढंच कळवायचं असेल, तर 'हॅज बीन'.

'हॅड' कधी? याचं उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले. पुढे जपानमध्ये गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत आणखी 25 जणांबरोबर त्यांना ठार करण्यात आलं. भारतात जन्मलेल्यांपैकी कॅथलिक चर्चचे ते पहिले संत. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. त्यांना 1627 मध्ये 'धन्य' घोषित केलं गेलं आणि 8 जून 1862 रोजी संत. मृत्यूपासून संतपदापर्यंत 265 वर्षं! आता 1862 पाशी उभं राहून मागे वळून पाहिलं, तर 1627 ची घटना त्याच्याही आधीची. भूतकाळाच्या आधीचा भूतकाळ. म्हणून तिथे 'हॅड बीन बिॲटिफाइड', आणि 1862 साठी 'वॉज कॅननाइझ्ड'. एका माणसाच्या आयुष्यावरून दोन्ही काळ शिकवता येतात, म्हणून मी हेच उदाहरण फळ्यावर घेते. मुलांना ते लक्षात राहतं, कारण वसई त्यांनी पाहिलेली असते.

भविष्यासाठी 'विल बी कॅननाइझ्ड'. कार्लोच्या वेळी तेही कामी आलं. त्याचा सोहळा आधी 27 एप्रिल 2025 ला ठरला होता. 21 एप्रिलला पोप फ्रान्सिस वारले आणि तो पुढे ढकलला गेला. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला 'विल बी' लिहिणारे बरोबर होते, पण तो दिवस सप्टेंबरमध्ये उजाडला.

## बिॲटिफाय म्हणजे सुशोभीकरण नव्हे

वर 'धन्य' हा शब्द आला. संतपदाच्या आधीची ती पायरी. तिचं क्रियापद 'बिॲटिफाय', नाम 'बिॲटिफिकेशन'. नाशिककरांना इथे खास धोका आहे, कारण गोदाघाटाचं, चौकांचं, दुभाजकांचं 'ब्युटिफिकेशन' आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. ब्युटिफायमध्ये एक 'यू' जास्त आहे आणि तो सौंदर्याचा आहे. बिॲटिफायचं मूळ लॅटिन 'बेआतुस', म्हणजे धन्य, परमसुखी. हा 'यू' चुकून आत शिरला, तर मदर तेरेसांचं सुशोभीकरण केलं असा अर्थ होईल.

कॅथलिक चर्चमधल्या पायऱ्या थोडक्यात अशा. साधारणपणे माणूस गेल्यावर पाच वर्षं थांबायचं. मग त्यांच्या धर्मप्रांताचे बिशप चौकशी सुरू करतात आणि त्या व्यक्तीला 'देवाचा सेवक' म्हटलं जातं. कागदपत्रं, पत्रव्यवहार, साक्षी गोळा होऊन रोमला जातात. आयुष्य खरोखर थोर होतं असं ठरलं की 'पूजनीय'. त्यानंतर त्यांच्या मध्यस्थीने घडलेला एक चमत्कार मान्य झाला की 'धन्य'. धर्मासाठी प्राण दिलेल्यांना या पायरीवर चमत्काराची अट नाही. धन्य झाल्यानंतर आणखी एक चमत्कार मान्य झाला की 'संत'. कॅननाइझ हे क्रियापद फक्त या शेवटच्या पायरीचं आहे. खालच्या पायरीवर ते वापरलं तर बातमी चुकते.

पाच वर्षांच्या अटीला सूटही मिळते. मदर तेरेसा 5 सप्टेंबर 1997 ला गेल्या. 1999 मध्येच चौकशी सुरू झाली, 19 ऑक्टोबर 2003 ला त्या धन्य आणि 4 सप्टेंबर 2016 ला संत घोषित झाल्या. उलट फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कला 1431 मध्ये जाळलं आणि तिचं नाव यादीत आलं 1920 साली.

## मग पोप संत 'बनवतात' का?

हा प्रश्न त्याच मुलीने विचारला, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हेडलाइनमध्ये 'पोपनी संत बनवलं' असं लिहितात. कॅथलिक माणसाला ते खटकतं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ती व्यक्ती देवाजवळ पोहोचलेली असतेच, चर्च फक्त ते ओळखतं आणि सगळ्यांसमोर सांगतं.

बोर्डाचा निकाल आठवा. मंडळाने निकाल लावला म्हणून मुलगी हुशार होत नाही. पेपर तिने मार्चमध्येच लिहिलेला असतो. पण निकाल लागेपर्यंत मार्कलिस्टवर तिचं नाव नसतं, आणि लागल्यावर ते सगळ्यांसमोर येतं. कॅननाइझचा अर्थ तसा आहे. म्हणून मराठी करताना 'बनवलं' टाळावं, 'घोषित केलं', 'जाहीर केलं' म्हणावं. 'संतपद बहाल केलं' हेही रूढ आहे, चालतं. पण 'बहाल' म्हटलं की देणाऱ्याकडे ठेवलेली वस्तू दिल्यासारखं वाटतं, म्हणून मला 'घोषित' जास्त आवडतं.

ओळखायचं म्हटल्यावर तपासणी आलीच. बहुतेक चमत्कार आजार बरा होण्याचे असतात, आणि ते डॉक्टरांच्या समितीपुढे जातात. बरं होणं वैद्यकाने समजावता येतं का, ते पूर्ण आणि टिकाऊ होतं का, हे विचारलं जातं. शिवाय 1587 पासून चर्चमध्ये एक अधिकारी नेमलेला असे. उमेदवाराच्या विरोधात जे जे बोलता येईल ते शोधून मांडणं हेच त्याचं काम. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. 1983 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रक्रिया बदलली आणि त्या पदाची ती भूमिका खूप कमी झाली. पण चर्चेत मुद्दाम विरुद्ध बाजू घेणाऱ्याला इंग्रजीत आजही 'डेव्हिल्स ॲडव्होकेट' म्हणतात, तो शब्द इथला.

## आपल्याकडे तर संतांना कुणी जाहीर करत नाही

खरं आहे. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला दिंड्या निघतात, तेव्हा त्यांचं संतपण कोणत्या कचेरीने कधी मान्य केलं असं कुणी विचारत नाही. लोकांनी मानलं, पिढ्यांनी नाव घेतलं, पायी चालत गेले. म्हणूनच मराठीत 'संत होणं' आहे, 'संत मानणं' आहे, पण 'संत घोषित करणं' यासाठी एकजीव असं क्रियापद नाही. ज्या समाजात जी कृती नसते, तिचं क्रियापद तिथे घडत नाही. चर्चमध्येही पहिल्या काही शतकांत असंच होतं, लोकच ठरवत. पोपनी अधिकृतपणे संत घोषित केल्याची नोंद असलेलं पहिलं उदाहरण 993 सालचं, बिशप उलरिक यांचं.

सिंहस्थ आला की आपल्याला आणखी एक तुलना सुचते: आखाड्यात महामंडलेश्वरांचा पट्टाभिषेक होतो, तसंच ना? अधिकृत घोषणा एवढ्यापुरतं तसंच. पण पट्टाभिषेक जिवंत माणसाचा होतो. कॅननाइझचं कर्म नेहमी दिवंगत असतं. जिवंत माणसाबद्दल ते वापरलं असेल, तर तिथे अर्थ लाक्षणिक आहे असं समजावं.

आणि 'संत' व 'सेंट' हे भाऊ आहेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाहीत. आपला संत 'सत्' पासून आला, असणं आणि चांगलं असणं या अर्थाचा. सेंट लॅटिन 'सांक्तुस' वरून, पवित्र केलेला. दिसायला सारखे, पण घराणी वेगळी.

## सगळे ख्रिस्ती हे मानतात का?

नाही. नाशिकरोडचं बाळ येशूचं तीर्थस्थान कॅथलिक आहे. नाशिकमधलंच शरणपूर मात्र 19व्या शतकात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी वसवलं, आणि प्रोटेस्टंटांमध्ये पोपही नाहीत आणि ही प्रक्रियाही नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संत घोषित होतात. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने शेवटचा झार निकोलस दुसरा याला 2000 साली असंच घोषित केलं, तिथेही इंग्रजी बातम्यांत कॅननाइझच वापरतात. म्हणून 'ख्रिश्चनांनी संत घोषित केलं' असं सरसकट लिहू नये. कोणतं चर्च ते लिहावं.

## मी चमत्कार मानत नाही, मग हे क्रियापद वापरू का?

खुशाल वापरा. 'वॉज कॅननाइझ्ड' म्हणताना तुम्ही फक्त चर्चने केलेल्या कृतीची नोंद करता. चमत्कार घडला की नाही, यावर तुमची सही होत नाही. चमत्काराबद्दल लिहायची वेळ येईल तेव्हा 'चर्चने मान्य केलेला चमत्कार' एवढे शब्द पुरतात. मानणाऱ्याचा मान राहतो आणि न मानणाऱ्याला खोटं लिहावं लागत नाही.

## धर्माबाहेरचं कॅननाइझ

पुस्तकांच्या जगात हा शब्द मूळच्या 'यादी' या अर्थाकडे परत येतो. एखादा कवी अभ्यासक्रमात कायमचा बसला, त्याला वगळून साहित्याचा इतिहास लिहिता येईना, की इंग्रजीत म्हणतात तो कॅननाइझ झाला. आणि एखाद्या खेळाडूच्या किंवा नेत्याच्या चुका कुणी बोलूच देत नसेल, तर चाहत्यांनी त्याला कॅननाइझ केलंय असं म्हणतात. त्यात टीका असते. वाचताना तो सूर ओळखता आला पाहिजे.

कॉम्प्युटरवाल्या मुलांसाठी एवढंच: तुमच्या कामात येतं ते 'कॅनॉनिकलाइझ', एकाच गोष्टीची अनेक रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं. घराणं तेच, क्रियापद वेगळं.

त्या मुलीने घरी जाऊन बातमी पुन्हा लिहून आणली. 'तोफेने उडवलं' खोडरबराने पुसलेलं होतं, कागदावर फिकट डाग राहिला होता. खाली शाईने तिचं वाक्य: 'कार्लो अकुटिस, हू हॅड बीन बिॲटिफाइड इन 2020, वॉज कॅननाइझ्ड ऑन 7 सप्टेंबर 2025.' मधे एकच 'एन', बिॲटिफाइडमध्ये 'यू' नाही, 'वॉज' जागेवर. आणि समासात तिने एक सरळ बोरू काढला होता, त्यावर पट्टीसारख्या रेघा मारलेल्या.